केशोरीच्या बँडचा शेवटचा फेरा

गोंदिया, २८ नोव्हेंबर १९५८

मामा,

पाया पडतो. हे पत्र फाडू नका. मागची दोन फाडली असतील असं वाटते, म्हणून हे मामीच्या नावानं पाकिटात टाकून राहिलो. मामी, मामाले जेवण झाल्यावर दे. आधी देशील तर ते जेवायचे नाहीत.

मी सध्या गोंदियातच आहे. मधल्या तीन वर्षांत बालाघाट झालं, डोंगरगड झालं, रायपूर झालं, कुठंच टिकलो नाही. वडेगावच्या लग्नात वरात मांडवाशी आलेली असताना मी कॉर्नेट बैलगाडीत ठेवून टुरिंग टॉकीजच्या ट्रकामागं गेलो, ते चुकलं. त्या ट्रकावर एक जनरेटर होता, त्याचा आवाज असा की... जाऊ द्या. चुकलं ते चुकलं.

आता भैय्यालालच्या लाउडस्पीकरच्या दुकानात आहे. त्यानं कलकत्त्याहून एक मशीन आणली. टेपरेकॉर्डर म्हणतात. फोनो नुसता बोलते, ही आधी ऐकते आणि मग बोलते. भिंतीवरच्या घड्याळासारखी चावी भरायची, पोटात बॅटऱ्या टाकायच्या. वीज लागत नाही, म्हणजे केशोरीतही चालते. वजनाला चांगल्या बकरीएवढी. भैय्यालाल म्हणतो, "घनश्याम, इसको औलाद समझ के उठाना." त्याच्या औलादीला तो इतका जपत नाही, मी पाहिलं आहे.

मुद्दा असा. २६ जानेवारीला गोंदियात मोठा जुलूस आहे. झेंड्याच्या पुढं एकच बँड चालणार. दरवर्षी गोंदियाचाच असते, पण यंदा कमिटीचे अध्यक्ष ईश्वरदास शेठ म्हणाले, देहातलेही बँड ऐकून घेऊ. आता देहातले लोक धानाच्या चुरण्यात, मळणीत. बैल खळ्यावर सोडून गोंदियाला कोण येते? म्हणून मशीनच गावोगाव जाणार, बँडची तालीम फितीवर धरून आणणार, आणि कमिटी बसून ऐकणार. मशीन नेणारा माणूस मी.

मामा, अठरा वर्षं तुम्ही सांगून राहिले की केशोरीचा बँड मागं चालणारा नाही. आणि अठरा वर्षं आपण मागंच चाललो. एका वरातीत तर शहरचा बँड पुढं, मग घोडा, आणि घोड्याच्याही मागं आपण. त्या दिवशी तुम्ही पंगतीत बसले नाहीत. मला दिसलं होतं.

मशीन घेऊन येऊ का? तुम्ही नाही म्हटलं तर चिचगडला जाईन.

तुमचा भाचा,
घनश्याम

---

केशोरी, ६ डिसेंबर १९५८

घनश्याम,

आशीर्वाद सध्या देत नाही. काम पाहून देईन.

तुझ्या मामीनं पत्र जेवणाआधीच देल्लं. जेवलो. तुझ्यासाठी उपाशी राहाचे दिवस गेले.

आमाले कोणाच्या पसंतीची गरज नाही. पण तू घोड्याचं आठवून देल्लं अना माझं डोकं फिरलं, कारण ते खरं हाय. बकाराम ढोलवाला म्हणते, मशीन पाहाची हाय. श्यामलाल म्हणते, भाचा पळपुटा असला तरी मशीन पळपुटी नाही. सगळ्यायचं मत पडलं का येऊ द्याव.

चुरणं जोरात हाय. इतवारी दुपारी बैल सोडतो तेव्हा माझ्या खळ्यावर तालीम होते. १४ तारखेले ये. अर्जुनी टेशनावर बैलगाडी पाठवणार नाही, पायी ये.

एक गोष्ट आताच लिहून ठेवतो, मंग रडजो नको. तालीम जशी होते तशीच होईल. मशीन हाय म्हणून आमी काही वेगळं करणार नाही. आमची रीत तुले माहीत हाय.

दुधराम

ता. क. मामी विचारते, दुबळा झाला का? मी म्हटलं, भटकणारा जाडा कसा होईल.

---

चिचगड, १७ डिसेंबर १९५८

मामा,

पाया पडतो. चिचगडच्या बँडची तालीम धरायला आलो, पण काल बाजारात बांबूच्या टोपल्या विकणाऱ्या दोन बाया अशा भांडल्या, अशा भांडल्या, की मी मशीन काढली आणि पाच मिनिटं तेच धरलं. फीत गेली. पण परत लावून ऐकवलं तर दोघी हसायला लागल्या आणि एकीनं मला टोपली देल्ली. आता टोपली घेऊन फिरून राहिलो.

पण मला इतवारचं लिहायचं आहे. मामा, मी इतके बँड ऐकले, तुमच्या खळ्यावर जे झालं ते कुठं झालं नाही.

बकारामदादानं पहिली थाप मारली तेव्हा मशीनचा काटा पार टोकाला जाऊन आपटला. म्हणून मी त्यांना धानाच्या पुंजण्यामागं उभं केलं. ते मागून वाजवत होते आणि घडोघडी डोकं काढून विचारत होते, "मी आइकू येऊन राहिलो का नाही गा?" परत लावल्यावर श्यामलालदादा म्हणाले, "हा मी नाही. हा कोणीतरी नाकात बोलते." तेव्हा सगळे एकदम म्हणाले, "तूच हायस, तू नाकातच वाजवते!" तीन दिवस झाले, आठवून एकटाच हसतो.

तुम्ही हसले नाहीत. तुम्ही आपलं क्लॅरिनेट ऐकलं, त्याची पाती काढली आणि घासत बसले. मग म्हणाले, "पुन्हा धर." दुसऱ्यांदा जे आलं ते आता माझ्या पेटीत आहे. मी ते इथं रोज एकदा लावतो. बॅटरी जाते, जाऊ द्या.

इथल्या बँडच्या म्होरक्यालाही ऐकवलं. तिसरी गत थांबली तसा तो म्हणाला, "अना पुढं?"

मी म्हटलं, "पुढं नाही."

"नाही कसं? शेवट कोठी हाय?"

मग मी त्याला छाती काढून सांगितलं. आमचे उस्ताद यादोराव कामठीच्या पलटणीच्या बँडमधून आले. त्यांचा नियम असा की तालमीत गत पुरी करायची नाही. शेवटचा फेरा ज्यानं त्यानं आपल्या घरी, एकट्यानं बसवायचा. सगळ्यांनी मिळून तो वाजवायचा फक्त ज्यानं बोलावलं त्याच्यासमोर, त्याच दिवशी. मग कोणाचे हात सवयीनं चालत नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्याकडे कान देऊन वाजवते.

तो म्हणाला, "आणि फसलं तर?"

मी म्हटलं, "उस्ताद गेले त्याला अठरा वर्षं झाली. मामाच्या हातून एकदाही फसलं नाही."

तो उठून आपल्या माणसांकडे गेला आणि उगाच त्यांच्यावर ओरडायला लागला.

२४ तारखेला कमिटी ऐकणार आहे. मी तिथं उभा राहून त्यांना हे सगळं समजावून देईन. काळजी करू नका.

घनश्याम

---

केशोरी, ३० डिसेंबर १९५८

घनश्याम,

बकाराम काल तांदूळ घेऊन गोंदियाले गेलता. मिलच्या आंगणात दहा लोकायत बोलणं चालू होतं का केशोरीवाले सुरुवात करते अना शेवट विसरून जाते. एक जण म्हणे, त्यायले बहुतेक गत पुरी कोणी शिकवलीच नाही. बकारामनं ऐकून घेतलं. तांदूळ उतरवला अना न जेवता परत आला. मले सांगतानी त्याच्या डोळ्यात पाणी होतं. साठ वर्षाचा माणूस.

आता मले सांग. तू तिथं उभा राहून समजावणार होता ना? मंग काऊन नाही समजावलं?

का तूच फीत कापली? वडेगावपायी मी तुले चार लोकायत नावं ठेवली, त्याचा राग काढला का? काढाचा होता त माझ्यावर काढाचा. यादोराव उस्तादाचं नाव कायले घाण केलं?

खरं असल ते लिही. खोटं लिहिशील त मले समजते, तू लांबलचक लिहितोस तेव्हा खोटं असते.

दुधराम

---

गोंदिया, २ जानेवारी १९५९

मामा,

फीत कापली नाही. मी तिथं नव्हतो.

२४ ला सकाळी दुकानासमोर कोणी म्हणालं, बिरसीला विमान उतरणार आहे. लढाईच्या वेळी बांधलेली ती धावपट्टी, तिथं आता गाई चरतात. कमिटी दुपारी बसणार होती. मी म्हटलं, सायकलनं जाऊन येतो. विमान आलंच नाही, म्हणून थांबलो. मग आलं, दोन घिरट्या मारल्या, गाई पळाल्या, आणि न उतरता निघून गेलं. मी परत आलो तर कमिटीचे लोक पायऱ्या उतरून चालले होते.

फीत भैय्यालालनं लावली. तो मला म्हणाला, "तेरे मामा का बैंड तो मंडप के दरवाजे से भाग आता है." ईश्वरदास शेठ म्हणाले होते, "वाजवतात फार छान. पण भर चौकात असेच थांबले तर माझी शोभा होईल." मी त्यांच्या मागं पळत गेलो, रीत सांगितली. ते म्हणाले, "आता तू काहीही सांगशील. तुझा मामा आहे."

पत्र लांबलं का? हे खरं आहे तरी लांबलं.

एक बरं झालं. शाळेत गाणं शिकवणारे जागेश्वर मास्तर कमिटीत आहेत. त्यांनी धरून ठेवलं की केशोरी पुन्हा एकदा ऐकायची. आता दोनच बँड राहिले, गोंदियाचा आणि आपला. १२ तारखेला निकाल.

मामा, मी हात जोडतो. एकच वेळ, एकच गत, पुरी वाजवा. मी ९ ला मशीन घेऊन येतो. उस्ताद असते तर त्यांनीही या वेळी होच म्हटलं असतं. गोंदियात झेंड्याच्या पुढं चालायला मिळते, मामा.

घनश्याम

---

केशोरी, ५ जानेवारी १९५९

घनश्याम,

विमान पाहाले गेला हे वाचलं अना पयले हसू आलं. हे तुझंच काम हाय, दुसऱ्या कोणाचं असू शकत नाही. कापली म्हटलं ते मी परत घेतो.

पण गत पुरी वाजणार नाही.

उस्ताद काय म्हणले असते हे तू मले सांगू नको. तू पाळण्यात होता तेव्हा मी त्यायच्या पायाशी बसून शिकलो. शेवटचा फेरा ज्यानं बोलावलं त्याचा. मशीननं आमाले बोलावलं नाही, कमिटीनं बोलावलं नाही, ते त अजून तपासून राहिले. त्यायच्यासाठी मिळून वाजवला त मंग लग्नात वधूबापाले काय देऊ? उष्टं?

काल सगळ्यायले विचारलं. कोणी हो म्हटलं नाही. श्यामलाल म्हणे, मांगं चालू, पण आपला शेवट आपल्याजवळ राहील. तो ज्याचा त्याच्या घरी हाय, तिथंच बरा हाय.

गोंदियाचा बँड चांगला हाय. त्यायले चालू दे पुढं.

मशीन आणू नको. तू येशील त ये. मामी धिरडे करते.

दुधराम

---

गोंदिया, १३ जानेवारी १९५९

मामा,

पाया पडतो. तुम्हाला अर्धं माहीत आहे, अर्धं नाही. म्हणून सगळंच लिहितो, मला मधून लिहिता येत नाही.

तुमच्या पत्रात ती ओळ होती, शेवट ज्याचा त्याच्या घरी आहे. मी ती दुकानात उभ्यानं वाचली. भैय्यालाल एका गिऱ्हाइकाशी लाउडस्पीकरवरून वाद घालत होता. मी मशीन उचलली आणि छोट्या लाइनीच्या गाडीत बसलो. मिळून वाजवायचा नाही, एकट्यानं वाजवायला मनाई नाही. मग मी एकेकाच्या खळ्यावर जाईन आणि एकेकाचा फेरा धरीन, एवढंच डोक्यात होतं.

शालीकरामदादांकडे पहिले गेलो, त्यांचा मोठा पितळी भोंगा. त्यांच्या वाट्याला शेवटच्या फेऱ्यात चारच सूर आहेत. त्यांनी ते उघड्या खळ्यावर असे फुंकले की बसलेले बैल उठून उभे राहिले. श्यामलालदादा म्हणाले, "वाजवतो, पण मले परत आइकवशील त मशीन विहिरीत टाकीन." बकारामदादांना शेवटच्या फेऱ्यात मधेच सोळा ठोके गप्प राहायचं असते. ते ढोल पोटावर घेऊन गप्प उभे राहिले, नुसते ओठ हलत होते. फितीवर तेवढा वेळ बैलांच्या गळ्यातली घंटी आहे आणि लांबून मळणीवाल्यांची हाक.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही शिव्या द्याल असं वाटलं होतं. तुम्ही एवढंच म्हणाले, "एकट्यानं वाजवाले मनाई नाही," आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. तुमच्या फेऱ्यात दोन जागी क्लॅरिनेट थांबते आणि दुसरं कॉर्नेट उत्तर देते. ते माझं काम होतं. तुम्ही तेवढा वेळ पायानं ताल धरला. मशीननं तो पाय धरला आहे, मातीवर, दोन्ही जागी. मामा, मी सगळ्यांना विचारत फिरलो, दुसरं कॉर्नेट आता कोणाकडे? सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. अकरा फेरे झाले आणि बारावा नाही.

श्यामलालदादांचं जुनं कॉर्नेट मागून घेतलं. अर्जुनीच्या टेशनावर गाडीची वाट पाहत माझा फेरा मीच धरला. तीन वर्षांनी ओठ लावले, पण सगळा आठवला. टेशनमास्तर ओरडत आला, तेही त्यात आहे.

काल कमिटी दुकानात बसली. मी सकाळपासून दुकानाच्या पायरीवरून हललो नाही. रस्त्यावरून हत्ती गेला, खरंच गेला, मी नुसतं पाहिलं.

मी फीत लावली. पहिले भोंगा, मग झांज, मग एकेक. तिसऱ्या माणसाला ईश्वरदास शेठ घड्याळ पाहायला लागले. बकारामदादांचं गप्प राहणं आलं तेव्हा म्हणाले, "मशीन बिघडली का?"

मी म्हटलं, "नाही शेठ, ते थांबून राहिले."

जागेश्वर मास्तर मात्र खिशातून खडू काढून टेबलावर रेघा ओढत होते. एका माणसाची एक ओळ, तिच्याखाली दुसऱ्याची, ठोक्याखाली ठोका. भैय्यालाल टेबलाकडे पाहून दातओठ खात होता, नवीन टेबल. बारा ओळी झाल्या तसे मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ईश्वरदासजी, हे सगळं एकमेकांत बसते. कोणी कोणाच्या जागेत पाय टाकला नाही आणि एकही जागा रिकामी नाही. हे शेवट विसरलेले लोक नाहीत. हे शेवट राखणारे लोक आहेत."

शेठ टेबलाकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "पण मिळून कसं वाजते ते कळणार कसं?"

मी म्हटलं, "शेठ, ते दर वेळी त्याच दिवशी कळते. ऐकायचं असेल तर बोलवावं लागेल."

ते हसायला लागले. असे हसले की पान खाली पडलं. "बोलावलं," म्हणाले. "तुझ्या मामाला लिही, बोलावलं."

मामा, केशोरी पुढं चालणार.

घनश्याम

---

केशोरी, १८ जानेवारी १९५९

चि. घनश्याम यास आशीर्वाद.

बकारामले पत्र दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तो म्हणे, मास्तरचं वाक्य तेवढं पुन्हा वाच.

आमी २५ ले गाडीनं निघतो. सगळे जण चुरणं दोन दिवस सोडून राहिले. गावच्या पाटलानं आपली माणसं आमच्या खळ्यायवर देल्ली. कोणी मागितली नाही.

बारावा माणूस लागते. तू ये. कॉर्नेट श्यामलाल आणते.

दुधराम

---

रायपूर, २ फेब्रुवारी १९५९

मामा,

पाया पडतो. जुलूस संपल्यावर न सांगता आलो. टेशनावर हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करणारा एक म्हातारा भेटला, त्याच्या पिशवीत नुसत्या पितळेच्या पट्ट्या, वाऱ्यानं वाजत होत्या. तो रायपूरला चालला होता. मी बसलो.

पण ते खरं कारण नाही. आधीच सांगतो, म्हणजे पत्र लांबणार नाही.

चौकात शेवटच्या फेऱ्यात बकारामदादांचे सोळा ठोके संपले, आणि मी वेळेवर आलो नाही. तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.

मी तुमच्याकडे पाहत होतो. माझ्या आठवणीत तुमच्या पुढं नेहमी कोणीतरी असते. शहरचा बँड असते, घोडा असते, पेट्रोमॅक्सवाले असतात. त्या दिवशी तुम्ही चौकात उभे होते, झेंडा मागं, लोक दोन्ही बाजूला, आणि पुढं कोणीच नाही, नुसता मोकळा रस्ता. मी म्हटलं, अरे, मामा असे दिसतात होय. आणि तेवढ्यात माझी जागा निघून गेली. एक ठोका गेला, दुसरा गेला. अकरा जण थांबले. कोणी पुढं गेलं नाही, कोणी डोळे वटारले नाहीत. सगळा चौक गप्प. मग मी आलो आणि तुम्ही सगळे माझ्यासोबत आले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय समजते. अठरा वर्षांत जे कधी फसलं नाही ते गोंदियात फसलं, आणि माझ्यानं. तुमच्या तोंडाकडे पाहायची हिंमत झाली नाही.

मशीन भैय्यालालच्या दुकानात आहे. कॉर्नेट माझ्याकडेच आहे. श्यामलालदादांना सांगा, पाठवून देईन.

घनश्याम

---

केशोरी, २० फेब्रुवारी १९५९

चि. घनश्याम यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हाच लिहिणार होतो, पण एका लग्नाची वाट पाहत होतो. आता लिहितो.

तू गेल्यावर काय झालं ते तुले माहीत नाही. जागेश्वर मास्तर गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आले. माझा हात धरला. म्हणे, "मी टेबलावर बारा ओळी मांडल्या, हा थांबा त्यात नव्हता. कोणी बसवला?" मी पाहिलं, सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले. मी म्हटलं, "आमच्या भाच्यानं." खोटं बोललो नाही. ईश्वरदास शेठ म्हणे, त्या दोन ठोक्यायत माझा श्वास अटकला होता.

मी तीस वर्षं वाजवून राहिलो. अकरा माणसं काही न बोलता एका माणसासाठी थांबली, असं मी कधी आइकलं नव्हतं. मिळून वाजवणं वेगळं, मिळून थांबणं वेगळं. उस्ताद तालमीत पुरं काऊन वाजवू देत नव्हते, ते मले त्या चौकात समजलं. पाठ असतं त कोणी थांबलं नसतं, सगळे पुढं निघून गेले असते. मले एवढ्या वर्षात वाटे का फसलं नाही हाच आमचा मोठेपणा हाय.

आता परवाचं सांगतो. अर्जुनीले लग्न होतं. वधूबापानं बोलावतानीच सांगितलं, गोंदियाले जो थांबा घेतला तो माझ्या दारात पायजे. तू नव्हता. तुझ्या जागी श्यामलालचा पुतण्या उभा केला, चांगला वाजवते, वेळेवर येते. आमी मोजून थांबलो. दोन ठोके, बराबर. लोक आपले बोलतच होते. एक बाई म्हणे, "वाजा बंद कायले केला वो, झालं का?" परत येतानी बकाराम गाडीत म्हणे, "आपण थांबलो हे बैलायलेबी समजलं नाही."

मोजून घेतला का तो थांबा राहत नाही, नुसतं भोक पडते. तो खराच उशीर असावा लागते, अना आमी खरंच घाबराव लागते. तसा उशीर करणारा माणूस या बँडमधी एकच हाय. बाकी सगळे शिस्तीचे हाय, माझी चूक.

८ मार्चले नवेगावले लग्न हाय. वरात दुपारी निघते. श्यामलाल म्हणे, कॉर्नेट पाठवू नको म्हणा, घेऊन ये म्हणा. मामी रायपूरचा पत्ता दोनदा वाचून पाकिटावर लिहून राहिली, चुकू नये म्हणून.

तालमीले नाही आला तरी चालते. सरळ मांडवात ये. वाटेत काय पाहाचं ते पाहून घे. उशीर कर, तुले कोणी बोलणार नाही.

पण दोनच ठोके. तिसऱ्याले मी थांबणार नाही.

तुझा मामा,
दुधराम